माहिती चौकट : पाने मोजणारी सेन्सॉरशिप

राज्यघटनेत 'वृत्तपत्रस्वातंत्र्य' हा शब्दच नाही. कलम १९(१)(क) नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. छापील मजकुराचा प्रसार त्यातच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' आणि दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'च्या खटल्यांत स्पष्ट केले. एक साप्ताहिक डाव्यांचे, दुसरे उजव्यांचे, जिंकली दोन्ही. 'ऑर्गनायझर'ला मजकूर छापण्याआधी दाखवण्याचा हुकूम होता. हे पूर्वनियंत्रण. बदनामीचा खटला निराळा, कारण तो छापून झाल्यावर येतो. तोवर वाचकाने मजकूर वाचलेला असतो.

पण मजकुराला हात न लावताही वृत्तपत्राचा गळा आवळता येतो. १९६० च्या सरकारी आदेशाने पानांची संख्या किमतीशी बांधली. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले. मोठ्यांच्या स्पर्धेतून लहान पत्रांना वाचवायचे आहे, हा सरकारचा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा होता. मात्र पाने घटली की मजकूर घटतो, किंमत वाढली की वाचक. शिवाय कलम १९(२) मध्ये राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी अशी निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत. मोघम 'जनहित' त्यांत नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये आदेश रद्द झाला. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात हाच प्रश्न न्यूजप्रिंटचा कोटा आणि दहा पानांची मर्यादा या रूपात आला, आणि सरकार पुन्हा हरले. जून १९७५ मध्ये आणीबाणीबरोबर पूर्वनियंत्रण उघडपणे परतले.