तीस किलोमीटर दोर

“आई, हात लावू नकोस, काळं लागेल,” असं लेक म्हणेपर्यंत माझा हात लागलासुद्धा होता. दोर मनगटाएवढा जाड, डांबराने चिकट. वास मात्र आपल्याकडच्या रस्त्याच्या डांबराचा नव्हता. हे डांबर पाइनच्या लाकडापासून काढतात. धुरकट, थोडा गोडसर वास. चुलीत ओलं लाकूड पेटताना येतो तसा.

सिडनीच्या डार्लिंग हार्बरला सागरी संग्रहालयाच्या धक्क्याशी ‘एन्डेव्हर’ उभी असते. जेम्स कुक ज्या जहाजाने १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला, त्याची ही प्रतिकृती. मूळ जहाज १७६४ साली इंग्लंडात व्हिटबीला कोळसा वाहायला बांधलेलं. बुडाला चपटं, पोटाला फुगीर, दिसायला बेढब. ही नवी पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला बांधली. १९८८ साली पठाण, म्हणजे तळाचा कणा, घातला आणि जहाज पाण्यात गेलं डिसेंबर १९९३मध्ये. मधल्या काळात पैसे देणारी कंपनी कोसळली, दुसरी आली, तीही मागे सरली. ओकऐवजी तिकडचं जारा नावाचं लालसर, चिवट लाकूड वापरलं आणि शिडं कृत्रिम धाग्याची घेतली. तळाशी इंजिनं, शीतकपाटं, न्हाणीघरंही आहेत. ते ऐकून लेक जरा हिरमुसली. मला उलट बरं वाटलं. माणसं घेऊन समुद्रात जायचं असेल तर जहाजाने थोडं खोटं बोललेलं चालतं.

डेकवर एक मुलगी काम करत बसली होती, पंचविशीची असेल. कान दोराशी नेऊन ती काहीतरी ऐकत असावी असं लांबून वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, दोराला कपडे घालण्याचं काम चाललं होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. दोराच्या पिळांमध्ये ज्या खाचा असतात, त्यांत आधी पिळाच्याच दिशेने बारीक दोरी बसवायची, म्हणजे पाणी मुरायला जागा उरत नाही. त्यावर डांबरात भिजवलेली कापडाची पट्टी, तीही पिळाच्याच दिशेने. आणि सगळ्यावर पिळाच्या उलट दिशेने सुतळीचे घट्ट वेढे. हे वेढे घालायला एक लाकडी हातोडा असतो. त्याच्या डोक्याला अर्धगोल खोबण, ती दोरावर चपखल बसते. सुतळीला दांड्याभोवती दोन-तीन फेरे दिले की ताण आपोआप राहतो. मग हातोडा दोराभोवती फिरवायचा आणि वेढ्याला वेढा चिकटत जातो.

अडचण एवढीच की हातोडा फिरेल तसा सुतळीचा गुंडाही दोराभोवती फिरवावा लागतो. म्हणून दुसरं माणूस लागतं. तिचं दुसरं माणूस चहाला गेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या झालेल्या हाताकडे पाहिलं, आणि गुंडा पुढे केला.

पहिल्या दहा फेऱ्यांत मी दोनदा मागे पडले. सुतळी सैल झाली की ती काही न बोलता थांबायची, वेढा उलगडायची, पुन्हा घालायची. मग लय सापडली. तिचा हातोडा वर आला की माझा हात खाली. पाऊण तासात जेमतेम हातभर दोर झाला. या जहाजावर एकूण दोर आहे तीस किलोमीटरच्या घरात आणि लाकडी कप्प्या साडेसातशे. “एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसरं टोक खराब झालेलं असतं,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. आमच्याकडे बायका भांड्यांबद्दल बोलतात तसं.

मी मूळची देवगडची. पावसाळ्यात वडिलांचा मचवा वर ओढून शाकारलेला असायचा, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की कलफात सुरू. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवायची. ती वात मांडीवर वळायचं काम आम्हा पोरींचं. वात सैल झाली की वडीलही असेच न बोलता परत द्यायचे. हे मी त्या मुलीला सांगितलं, तेव्हा तिने कापसाऐवजी इथे काय भरतात ते दाखवलं. जुने दोर उसवून पिंजलेला, डांबराळलेला काथ.

हाच काथ मूळ ‘एन्डेव्हर’च्या कामी आला होता. ११ जून १७७०च्या रात्री जहाज ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. हलकं करायला सहा तोफांसह चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात फेकलं. जवळजवळ दिवसभराने जहाज सुटलं, पण बुडाला भोक पडलेलं. मग एका शिडावर काथ आणि लोकरीचे झुबके टाकले, वर शेण-लेंड्यांचा लेप दिला आणि ते शीड दोरांनी बुडाखालून ओढून भोकावर आणलं. पाण्याच्याच ओढीने तो गिचका आत शोषला गेला आणि गळती आटोक्यात आली. शाळेच्या पुस्तकात कुकच्या पराक्रमाला पानं होती, लेंड्यांना ओळही नव्हती. पुढे दुरुस्तीला जहाज उलंडलं तेव्हा भोकात प्रवाळाचा एक तुकडा अडकून बसलेला सापडला. तो तिथे नसता तर काथही पुरला नसता.

नंतर आम्ही खाली गेलो. खलाशांच्या डेकवर जेवणाची टेबलं दोरांनी टांगलेली, वर झोळ्या. माणशी चौदा इंच रुंदीची जागा. जहाजाने इंग्लंड सोडलं तेव्हा त्यावर चौऱ्याण्णव माणसं होती. मागच्या बाजूला छत इतकं खाली येतं की कंबरेत मोडून चालावं लागतं. माझे गुडघे बोलायला लागले. आणि एकदम मोठी केबिन येते. खिडक्या, उजेड, मधोमध टेबल. कुकबरोबरचा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि त्याचे चित्रकार इथे बसून वनस्पती काढायचे, कुक नकाशे.

या केबिनीत मात्र मला बाहेरसारखं रमता येईना. एप्रिल १७७०मध्ये ‘कामे’ नावाच्या जागी, म्हणजे ज्याला पुढे बॉटनी बे म्हटलं तिथे, कुकची होडी किनाऱ्याला लागताना तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, ग्वेगल लोकांपैकी, दोघे आडवे आले होते. त्यांच्यावर बंदुका झाडल्या, आणि त्यांच्या वस्तीतले चाळीसेक भाले उचलून नेले. त्यांतले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते. ते २०२४ साली परत आले. ते भाले याच आकाराच्या जहाजातून गेले. जहाजाची प्रतिकृती होते, खिळ्याला खिळा जुळवता येतो. किनाऱ्यावरच्या त्या दोघांच्या बाजूने दिसलेलं जहाज कुणी बांधत नाही. कुकच्या त्या आगमनाच्या दोनशे पन्नासाव्या वर्षानिमित्त या प्रतिकृतीने ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालावी असं सरकारने ठरवलं होतं. कुकने अशी प्रदक्षिणा घातलीच नव्हती, हे लोकांनी लगेच दाखवून दिलं. शेवटी कोविडने तो बेत मोडला.

मार्गदर्शक आजोबांना मी मुंबईची ओळख सांगितली, तर ते ‘ट्रिंकोमाली’बद्दल बोलू लागले. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ती युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. ती प्रतिकृती नव्हे, अस्सल. मुंबईत इतकी वर्षं काढून मला हे सिडनीत कळावं!

वर आलो तेव्हा तिचं दुसरं माणूस परतलं होतं. दोघं कामाला लागली होती. मी घातलेला हातभर भाग ती बोटाने चाचपून बघत होती. चार वेढे तिने सोडवले, बाकीचे ठेवले.

घरी साबणाने हात निघेनात. लेकीने स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली. “आजोबा याने काढायचे ना?” तिने विचारलं. तिला कुठून माहीत, कोण जाणे. मी तरी कधी सांगितलं नव्हतं.