पडलेल्या ओंडक्याचा संसार

टिपेश्वरचे नाव निघाले की वाघ आठवतो, हे साहजिकच आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या या अभयारण्यातून २०१९ साली एक तरणाबांड वाघ निघाला आणि १३०० किलोमीटरांहून अधिक मजल मारून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. पण अशा जंगलांत आणखीही एक प्रवासी राहतो. त्याला पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंडही नाही. तासाभरात तो फार तर दोन-चार सेंटिमीटर सरकतो. पावसात भिजून मऊ झालेला, मोडून पडलेला ओंडका हे त्याचे घर.

ओंडका म्हणजे मेलेले लाकूड, असे आपण सहज म्हणतो. गंमत अशी, की उभ्या झाडाच्या लाकडातही जिवंत पेशी थोड्याच असतात. झाड पडले, की त्यात बुरशी, जिवाणू, वाळवी आणि भुंगेरे बिऱ्हाड करतात, आणि मग कित्येकदा त्या ओंडक्यात पूर्वीपेक्षा अधिक जीव नांदू लागतो!

यातली कर्ती मंडळी म्हणजे बुरशी. लोणच्याच्या बरणीत तिला पाहून आपण नाक मुरडतो. पण जंगलात तिच्यावाचून पान हलत नाही. लाकूड मुख्यतः दोन पदार्थांनी बनते: सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन. लिग्निन पचवणे भल्याभल्यांना जमत नाही. काही बुरशींना मात्र ते साधते. त्यांनी पोखरलेले लाकूड पांढुरके आणि तंतुमय होते. दुसऱ्या काही बुरशी सेल्युलोज खातात व लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी होऊन त्याच्या चौकोनी ढलप्या पडतात. म्हणजे ओंडका हातात घेऊन, आत कोणाची पंगत बसली होती, हे तुम्ही ओळखू शकाल.

यवतमाळकडचे जंगल पानझडीचे. उन्हाळ्यात सारे रखरखीत. तेव्हा ही मंडळी काय करतात? ओंडक्यांवर नखाएवढ्या, लवदार, पांढुरक्या पंख्यांची एक बुरशी हमखास दिसते. शास्त्रज्ञ तिला ‘शायझोफायलम’ म्हणतात. उन्हाळ्यात ती आक्रसून बसते आणि पावसाचे चार थेंब पडताच पुन्हा टवटवीत होते.

आता आपल्या बिनपायाच्या प्रवाशाकडे वळू. त्याचे नाव ‘स्लाइम मोल्ड’; मराठीत श्लेष्मबुरशी म्हणा. पण नावात बुरशी असली, तरी तो बुरशी नव्हे. त्याचे नाते अमीबाशी! त्याचा एक प्रकार पाहिला, तर कोणी ओंडक्यावर पातळ पिठले सांडले की काय, असे वाटते. तो पिवळा पसारा म्हणजे चक्क एकच पेशी, आणि तिच्यात हजारो केंद्रके. ती जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू गिळत पुढे सरकते. कोरड पडली, की वाळून कडक होते आणि ओलाव्याची वाट पाहत राहते. खाणे संपले, की तिच्यातून बीजाणूंची इवली फळे उगवतात: कुठे गुलाबी मोत्यांसारखी, कुठे तपकिरी तुऱ्यांसारखी. प्रा. के. एस. ठिंड यांनी भारतातल्या अशा जातींवर लिहिलेला ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला.

या मेंदू नसलेल्या जिवाची हुशारी ऐकाल, तर थक्क व्हाल. २००० साली जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भूलभुलैया बनवून त्याच्या दोन्ही तोंडांशी ओटचे खाद्य ठेवले. या जिवाने आडवाटांतून अंग काढून घेतले आणि सर्वांत जवळची वाट तेवढी धरली. २०१० साली टोकियो व भोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले, तेव्हा त्याने विणलेले जाळे तिथल्या रेल्वेमार्गांशी बरेच जुळले. इंजिनिअरांना जे काम करायला वर्षे लागली, ते या पिठल्याने एका दिवसाच्या आसपास केले!

हा सारा संसार ओंडका जागेवर राहिला, तरच टिकतो. कुजणारे लाकूड पाणी धरून ठेवते आणि झाडाने मातीतून घेतलेले सत्त्व सावकाश मातीला परत करते. सागाचा गाभा तर बुरशीला आणि वाळवीलाही सहजासहजी दाद देत नाही. त्याची परतफेड फार संथ. वणव्यात ओंडका जळला, किंवा जंगल ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात उचलला गेला, तर तो व्यवहार मध्येच मोडतो. चुलीसाठी मोळी आणणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. तिची गरज खरी आहे. पण कुजून भुसभुशीत झालेले ओले लाकूड चुलीत धड पेटतही नाही, नुसते धुमसते. तेवढे तरी जंगलाच्या वाट्याला राहू द्यावे.

येत्या पावसाळ्यात मुलांना जवळच्या राईत किंवा बागेत घेऊन जा आणि बरोबर एक भिंग असू द्या. कोणतेही भूछत्र, जाणकाराने ओळखल्याशिवाय, तोंडात मात्र घालू नका. पडक्या ओंडक्यापाशी दहा मिनिटे उकिडवे बसा. आणि काही उलटून पाहिलेत, तर निघताना ते होते तसेच ठेवून या.