बटण एक, हात अनेक!

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात 'सबमिट'चं निळं बटण चौदा प्रकारचं होतं. खोटं वाटतंय? मोजेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. पाच टीम्स, पाच वेबसाइट्स आणि प्रत्येकाचं बटण घरचं! क्लायंट म्हणाला, निळा जरा गडद करा. तीन दिवस गेले. एका रंगाला तीन दिवस, राव!

मग मी पुढाकार घेतला. बटणं, फॉर्म, मेनू, कॅलेंडर सगळं एकाच रिपॉझिटरीत ठेवायचं आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. आयडिया काही नवी नाही. ट्विटरमध्ये मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी अशाच भानगडीतून एक किट बनवलं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये 'बूटस्ट्रॅप' नावानं ते जगभर खुलं झालं.

फंडा सिंपल. तुम्ही गिटमध्ये आपली वेगळी ब्रँच काढायची, बदल करायचा आणि 'पुल रिक्वेस्ट' पाठवायची. म्हणजे, 'बघा बरं, हे घेता का?' दुसऱ्या कुणीतरी तपासायचं, मगच तो कोड मूळ प्रवाहात. प्रत्येक नव्या आवृत्तीला तीन आकडे: जुनं वापरणाऱ्यांचं काही मोडणार असेल तर पहिला वाढतो, नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा.

दोन महिने मी एकटाच कोड टाकत होतो. मग टीममधल्या नव्या मुलीची पहिली पुल रिक्वेस्ट आली. माझ्याच बटणात बदल! मी सत्तावीस कॉमेंट्स टाकल्या. इथे स्पेस नको, तिथे नाव बदल. तिनं गुपचूप रिक्वेस्ट बंद केली. त्यानंतर कुणाचीच आली नाही. मी मनात म्हटलं, लोकांना कामच नको!

महिन्याभरात टेस्टरनं बॉम्ब टाकला. माउस न वापरणाऱ्याला आमचा एकही फॉर्म भरता येत नव्हता. मी बटण 'डिव्ह'मध्ये बनवलं होतं, त्यामुळे कीबोर्डची टॅब की त्याच्यावर थांबतच नव्हती. शेअर्ड रिपॉझिटरीचा दुसरा अर्थ तेव्हा कळला: माझी एक चूक, पाच वेबसाइट्सवर!

जुनी रिक्वेस्ट उघडली. तिनं 'डिव्ह'च्या जागी खरा 'बटन' टॅग टाकला होता. नेमकी हीच दुरुस्ती. तिच्या डेस्कवर गेलो.

"अगं, तू हे आधीच केलं होतंस?"

"हो. पण तुला कंसापुढची स्पेस जास्त महत्त्वाची वाटली."

सॉरी म्हणालो. तिचा कोड घेतला आणि संध्याकाळपर्यंत पाचही साइट्स नव्या आवृत्तीवर गेल्या. पूर्वी याला आठवडा लागला असता.

तेव्हापासून काही नियम आहेत. स्पेसची भांडणं 'प्रीटिअर' टूल सोडवतं, माणसांनी त्यात पडायचं नाही. कोड कसा पाठवायचा ते एका पानात लिहून ठेवलंय. नवख्याला एका दिवसात उत्तर मिळतं, तेही हुकूम म्हणून नाही, प्रश्न म्हणून. आणि आपला कोड आपणच मंजूर करायचा नाही. मीसुद्धा नाही!

गेल्या आठवड्यात मी हौसेनं गोल कोपऱ्यांचं नवं बटण पाठवलं. तपासायला तीच होती. तिची एकच कॉमेंट आली: "पंधरावं?"

मी गुपचूप रिक्वेस्ट बंद केली.