ड्रायव्हर यंत्राचा, पहिल्या मालकाचा नव्हे

जळगाव-धुळ्यात सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याला विंडोज नव्याने टाकल्यावर कधी वाय-फाय सापडत नाही, कधी टचपॅड हलत नाही. यंत्र धडधाकट असते. नसतो तो ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय किंवा टचपॅडसारखा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम. कंपनीने तो आधीच तयार केलेला असतो. त्यामुळे जुन्या मॉडेलच्या ड्रायव्हरची फाइल साइटवरून काढून टाकणे किंवा ती देताना मूळ बिल मागणे अन्यायाचे आहे. वॉरंटी संपली, असे कंपनी म्हणेल. मान्य; पण इथे फुकट दुरुस्ती कोणी मागत नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी असू शकतात, हेही खरे. मात्र अधिकृत फाइल मिळाली नाही, तर माणूस अनोळखी साइटवरून व्हायरससकट उतरवतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या या हक्कात मॉडेल क्रमांकावर, मालकी न विचारता मिळणारा ड्रायव्हरही आलाच पाहिजे.