वळताना येणारी टकटक : ड्राइव्ह शाफ्टची तपासणी आणि दुरुस्ती

टेबलावर जी वस्तू ठेवली आहे तिच्यामुळे टेबलक्लॉथ काळा होणार आहे, त्याबद्दल आयोजकांची आधीच माफी मागतो. हा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एका छोट्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट. आमच्या गॅरेजमध्ये याला सगळे ‘एक्सल’च म्हणतात, त्यामुळे बोलताना दोन्ही शब्द येतील.

आधी याचं काम काय ते पाहू. अॅम्बॅसिडर किंवा पद्मिनी आठवत असेल तर गाडीखालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट आणि त्याचे ‘क्रॉस’ही आठवत असतील. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्या आपल्याकडे घरोघरी झाल्या. पण पुढच्या चाकांचं दुखणं वेगळं असतं. ती खड्ड्यात वरखाली होतात, शिवाय स्टेअरिंगबरोबर वळतात, आणि हे सगळं चालू असताना त्यांना एकसारखा जोर मिळायला हवा. साधा क्रॉस मोठ्या कोनात फिरवला तर प्रत्येक फेऱ्यात त्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो, म्हणजे स्टेअरिंगला हिसके बसणार. यावरचा तोडगा १९२०च्या दशकात आल्फ्रेड झेपा या अमेरिकेतल्या इंजिनिअरने काढला : वाटीसारखं बाहेरचं कवच, आत खाचा असलेला गोळा, मध्ये सहा छर्रे आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. हाच आजचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा जॉइंट असतो. तो थोडा आतबाहेर सरकतो, कारण चाक वरखाली झालं की शाफ्टला लागणारी लांबी बदलते.

या दोन्ही जॉइंटवर रबराचं घडीघडीचं आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. आत काळं ग्रीस असतं. पूर्ण शाफ्टमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू हा बूटच, आणि बहुतेक वेळा आजाराची सुरुवात इथूनच होते. रबराला चीर पडते, फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, आणि त्याच वाटेने चिखल आत जातो. ग्रीस आणि वाळू एकत्र आली की ती पॉलिश पेपरसारखी काम करते.

आता आमच्याकडची एक गाडी सांगतो. पावसाळा संपता संपता एक निवृत्त शिक्षक आले. घाटातून रोजचं जाणंयेणं. वळताना टकटक आवाज. दुसरीकडे त्यांना ‘दोन्ही एक्सल बदला’ असं सांगितलं होतं, आणि त्या खर्चात त्यांची दोन महिन्यांची पेन्शन जाणार होती. ते म्हणाले, “बघा, खरंच लागतं का एवढं?”

आम्ही पाना हातात घेतला नाही, आधी चावी घेतली. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून, हलका अॅक्सिलरेटर देत गोल फेऱ्या मारल्या, मग उजवीकडे. डावीकडे वळताना आवाज स्पष्ट होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार जास्त येतो, त्यामुळे संशय उजव्या चाकाच्या बाहेरच्या जॉइंटवर. यावरही डोळे झाकून विसंबू नये, आवाज पत्र्यातून फिरून भलतीकडून आल्यासारखा वाटतो. नंतर सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला. जोर देताना गाडी थरथरली आणि पाय काढताच थांबली, तर आतल्या जॉइंटकडे बघायचं. ती थरथरली नाही. आतला जॉइंट सुटला.

इथे आमची स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचा घुमणारा आवाज ऐकून आम्ही एक्सल बदलून मोकळे झालो. आवाज तसाच! तो चाकाच्या बेअरिंगचा होता. बेअरिंग वेगाबरोबर घुमतं, आणि चालत्या गाडीत हलकेच डावी-उजवी केली, भार एका बाजूवरून दुसरीकडे गेला, की त्याचा सूर बदलतो. सीव्ही जॉइंट मात्र घुमत नाही, टकटकतो. त्या एक्सलचे पैसे आम्ही गिऱ्हाइकाला परत दिले आणि तो शाफ्ट बरेच दिवस समोरच्या भिंतीवर टांगून ठेवला होता. (हशा)

मास्तरांची गाडी वर घेतली. उजव्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे, बुटाला घडीच्या तळाशी चीर. घड्या बोटांनी उघडून चाक हाताने फिरवल्याशिवाय अशी चीर दिसत नाही, वरून बघून ‘बूट ठीक’ म्हणणारे इथेच फसतात. डाव्या बुटाला बारीक भेगा होत्या, पण त्या आरपार गेल्या नव्हत्या. आणखी एक गोष्ट : शाफ्ट धरून हलवला तर आतल्या बाजूला तो थोडा सरकतो. तो दोष नव्हे, तसाच बनवलेला आहे. यावरून ‘एक्सलमध्ये प्ले आहे’ म्हणून बिल फाडलं जात असेल तर दोन प्रश्न जरूर विचारा.

खोलण्याचं काम थोडक्यात सांगतो. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लागतातच. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाजूला ओढायचा, गिअरबॉक्सखाली भांडं ठेवायचं, आणि शाफ्ट आतल्या जॉइंटच्या कवचापाशी पहारीने हलकेच उचकटायचा. दांड्याला धरून हिसका दिला तर रोलर आतल्या आत निसटतात आणि चांगला जॉइंट आपणच बिघडवतो.

उजवा जॉइंट धुऊन पाहिला. छर्‍यांच्या वाटांवर नखाला लागतील असे खड्डे पडले होते. इथे नवीन ग्रीस भरून काही उपयोग नाही. आवाज चार दिवस दबेल आणि परत येईल. मग फक्त तो बाहेरचा जॉइंट नवीन घातला. डावा जॉइंट आतून गुळगुळीत होता, त्याला नवा बूट आणि नवं ग्रीस. ग्रीस किटबरोबर येतं तेच आणि तेवढंच. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. पट्टी आवळण्यापूर्वी बुटात कोंडलेली हवा काढली. काही जण शाफ्ट न खोलता चिकटवायचे कापलेले बूट लावतात. अडल्या वेळी ठीक, पण आमच्याकडे असे बरेच बूट पुन्हा उघडून येतात. शेवटी ऑइल सील पाहून शाफ्ट बसवला, नवा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळून त्याची कड खाचेत ठोकली, आणि गिअर ऑइलची पातळी भरली. दोन्ही एक्सलऐवजी एक जॉइंट आणि एक बूट, एवढंच.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय : “आवाज येतोय, पण गाडी चालतेय. किती दिवस चालेल?” दिवस सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. काही गाड्या महिनोन्‌महिने टकटकत राहतात. पण जॉइंट तुटला तर काय होतं ते सांगतो. डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला देतं, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. त्याच कारणाने नुसत्या गिअरमध्ये टाकलेली गाडी उतारावर थांबतही नाही. घाटात असं झालं तर गिअरवर भरवसा ठेवू नका. हँडब्रेक ओढा, चाकांना दगडाची उटी लावा, आणि मग फोन करा.