दस्तुरी नाक्यापलीकडची तीन चाके

नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि मोटारगाडीचे राज्य संपते. पुढे माथेरान. बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर कसे जायचे, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गुडघ्यांना आणि खिशाला विचारायचा. चालत जा, घोड्यावर बसा, मिळाली तर अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी पकडा. आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आणखी एक मार्ग म्हणजे हातरिक्षा. पुढे एक माणूस ओढणार, मागून एक ढकलणार, चढ अवघड असेल तर आणखी एक हात लावणार. आत बसलेला माणूस रस्त्याकडे बघतो की ओढणाऱ्याच्या पाठीकडे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला, तेव्हापासून साहेबलोकांचे इथे येणे-जाणे सुरू झाले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली. या गाडीनेही स्वतःला गावापुरते मर्यादित ठेवले. मोटार मात्र गावात कधी शिरलीच नाही. सुमारे आठशे मीटर उंचीवरचे, साडेचार हजारांच्या आतबाहेर लोकवस्तीचे हे गाव आहे. त्याने धूर आणि भोंगा दोन्ही वेशीबाहेर ठेवले आणि त्यावरच आपले पोट चालवले. मुंबईपासून इतक्या जवळ असूनही रस्त्यावर मूल मोकळे सोडता येते, असे दुसरे ठिकाण सांगा बरे!

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि त्याभोवतीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा या जुन्या रिवाजाला कायद्याचे कवच मिळाले. नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना बंदी. अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाडीचा. नियम सोपा, सुटसुटीत आणि सगळ्यांना पटणारा होता. पण कुठलाही सोपा नियम एका शब्दावर उभा असतो. इथे तो शब्द होता ‘वाहन’.

घोडा वाहन नाही. माणसाने ओढलेली गाडीही, या अर्थाने, वाहन नाही. म्हणजे नियम असा झाला की, या डोंगरावर इंजिनाने माणसाला ओढू नये, माणसाने माणसाला ओढले तर हरकत नाही. अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या मनात हे नव्हते, याबद्दल शंका नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर डिझेल होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत न धुरकटणारी, न खडखडणारी, तीन चाकांची बॅटरीवरची गाडी देशभर गल्लोगल्ली फिरू लागेल आणि आपल्या शब्दाला पेचात पकडेल, हे त्यांना कसे दिसावे?

हा पेच एकट्या माथेरानचा नाही. बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या गाड्यांनी साऱ्या देशातल्या वाहन कायद्याची व्याख्या ढिली केली आहे. आपल्याकडे जिच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा कमी, अशी दुचाकी कायद्याच्या लेखी मोटारवाहनच नाही. तिला नंबरप्लेट नको, चालवणाऱ्याला परवाना नको. मूळ हेतू सायकलला थोडी मदत व्हावी एवढाच. पण वेगाला कुलूप घालणारी तार जो मेकॅनिक जोडतो, तोच ती काढूनही देतो. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला अशा परस्पर ‘सुधारलेल्या’ ई-बाइकींविरुद्ध मोहीम उघडावी लागली. नंबर नसलेली, आवाज न करणारी आणि चाळिशीच्या वेगाने मागून येणारी गाडी पादचाऱ्याला कळते ती अंगावर आल्यावरच.

गोल्फ कार्टचे तर आणखी गमतीदार. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास गाडीला १९८८ चा मोटार वाहन कायदा मोटारवाहन मानत नाही. म्हणून प्राणिसंग्रहालयात, रेल्वेच्या फलाटावर, विद्यापीठात, मोठमोठ्या गृहसंकुलांत या उघड्या बाजूंच्या पांढऱ्या गाड्या निर्धास्त फिरतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्या सोयीच्या आहेत, यात वादच नाही. पण संकुलाच्या फाटकाबाहेर, समोरच्या दुकानापर्यंत जरी तिने चाक टाकले, तरी तीच गाडी विनानोंदणीचे, विनाविम्याचे वाहन ठरते. फाटकाच्या आतबाहेर गाडी तीच, चालवणाराही तोच. बदलते ती जागा. या गाड्यांचे सगळे नियम अखेर जागेचे नियम असतात, आणि म्हणूनच ते दिल्लीत बसून पुरते लिहिता येत नाहीत.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. तिथे गोल्फ कार्टसाठी वेगळ्या वाटांचे मोठे जाळे आहे. माणसे बाजाराला आणि शाळेतली मोठी मुले शाळेला त्याच गाडीतून जातात. कोणत्या वयाच्या मुलाने शेजारी कोण बसले असताना चालवायची, हे गावाने स्वतः ठरवले आहे. उलट स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटने मोटारी खालच्या टॅश गावात अडवल्या. हे टॅश म्हणजे त्यांचे दस्तुरीच. वर गावात डब्यासारख्या चौकोनी विजेच्या गाड्यांना मुभा दिली, तीही मोजून-मापून, परवानगीनेच. आपल्याकडे सिमल्याने २००७ मध्ये राज्याच्या विधानसभेकडून खास कायदा करवून घेतला आणि मॉल रोडसारखे रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी राखले. या तिन्ही ठिकाणी आधी जागा कोणासाठी आहे, हे ठरले आणि मग गाडीचा विचार झाला.

ई-रिक्षाच्या बाबतीत आपल्याकडे उलटे घडले. गाडी आधी आली. दिल्लीच्या रस्त्यांवर हजारोंनी आल्यावर ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली, कारण ती कायद्यात कुठेच बसत नव्हती. मग तिला बसवण्यासाठी कायदा बदलला. २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांची स्वतंत्र व्याख्या आली. चालकाखेरीज चार उतारू, वेगाला पंचविसाचे बंधन. म्हणजे देशभरात ती अधिकृत ‘वाहन’ झाली, आणि नेमक्या त्याच कारणाने माथेरानचा दरवाजा तिच्यासाठी बंद झाला. गावात शिरायची तर सर्वोच्च न्यायालयाचीच परवानगी हवी.

ती मागितली हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच. या गोष्टीकडे नीट पाहिले पाहिजे. यंत्र आले की पोट जाईल म्हणून कामगार यंत्राला विरोध करतो, असा आपला अनुभव. इथे ९४ परवानाधारक हातरिक्षांच्या मागे असलेल्या माणसांनी यंत्र आणा म्हणून न्यायालयाची पायरी चढली. यंत्र आमच्या हातात द्या, एवढीच त्यांची अट. चढावर ओढताना छाती फुटते आणि उतारावर सगळा भार पायांनी थोपवावा लागतो. पन्नाशी उलटल्यावर हे किती दिवस जमणार?

१२ मे २०२२ रोजी न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मान्यता दिली आणि ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिन्यांसाठी सात ई-रिक्षा धावू लागल्या. पर्यटकांना त्या आवडल्या, हे सांगायला नको. पण खरा फरक पडला तो गावकऱ्यांना. पावसापाण्यात दप्तर घेऊन किलोमीटरच्या किलोमीटर चालणाऱ्या शाळकरी मुलांना नाममात्र भाड्यात बसायला मिळाले. दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणाच्या पाठीचा विचार न करता जाता आले. मुदत संपली आणि गाड्या थांबल्या, तेव्हा पर्यटकांपेक्षा गावकरीच जास्त कळवळले. २०२४ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. संख्येची मर्यादा मात्र होती वीस.

आता घोडेवाल्यांचे म्हणणे. ते ऐकल्याशिवाय या प्रकरणाला न्याय मिळत नाही. माथेरानात परवाना असलेले चारशे साठ घोडे, आणि एकेका घोड्यामागे एक-दोन चुली. बरेचसे घोडेवाले आसपासच्या वाड्यांवरून चढून येतात. ई-रिक्षा आली तर धंदा बसणार, ही भीती उघड आहे. पण त्यांनी न्यायालयात मांडलेला मुद्दा निराळा होता. रिक्षा चालायची तर रस्ता गुळगुळीत हवा. त्यासाठी पेव्हर ब्लॉक आले. ओल्या ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो. शिवाय आज बॅटरीची रिक्षा, उद्या तिच्यासाठी केलेल्या रस्त्यावरून मोटार आली, तर तिला अडवणार कोण? धंद्याचा स्वार्थ त्यात होताच. परंतु स्वार्थाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खोटी असते, असे नाही. गाडी एकटी येत नाही, आपला रस्ता बरोबर घेऊन येते, हे त्यांनी बरोबर हेरले.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही हलके नव्हते. माथेरानची ती प्रसिद्ध तांबडी माती दर पावसाळ्यात वाहून जाते. चालत्या पायांनी आणि नालांनी ती सैल होते, पाऊस ती खाली नेतो, झाडांची मुळे उघडी पडतात. रस्त्यांना काहीतरी आवरण हवे, असे तिथले अनेक रहिवासी म्हणत होते. न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पेव्हर ब्लॉकचे काम थांबवले, तज्ज्ञांचे अहवाल मागवले. लाल माती हवी, पण चिखल नको. जुने गाव हवे, पण दवाखाना जवळ हवा. शनिवारी संध्याकाळी चढून रविवारी उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिल्या दोन गोष्टी पुरतात. बारमाही राहणाऱ्याला शेवटचीही लागते. ‘निसर्गरम्य’ हा शब्द बहुधा दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या माणसानेच शोधून काढला असावा.

मार्च २०२५ मध्ये गावाने बंद पुकारला, तो वेगळ्याच कारणाने. दस्तुरीवर उतरलेल्या पर्यटकाला गाडी नाही, रिक्षा नाही अशा थापा मारून जादा पैशांत घोडा गळ्यात मारला जातो, अशी दुकानदारांची, हॉटेलवाल्यांची तक्रार होती. सोयीची माहिती दडवून पैसे उकळणे हा आपल्या प्रत्येक स्थानकाबाहेरचा जुनाच उद्योग आहे. त्यावर उपाय एवढाच की, भाड्याचा आणि वेळेचा फलक मोठ्या अक्षरांत, उतरल्या उतरल्या दिसेल असा लावायचा. तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागत नाही.

सगळ्यात चिवट भांडण निघाले ते परवाने कोणाला, यावरून. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की, ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या. त्यांचा रोजगार जाणार, त्याची ती भरपाई. तरीही वाटप खऱ्या ओढणाऱ्यांपर्यंत पोहोचले का, अशी शंका निघाली आणि चौकशीपर्यंत प्रकरण गेले. असे होणे आपल्याकडे नवलाचे नाही. कागदावर रिक्षा एकाच्या नावावर, दांडा दुसऱ्याच्या हातात, ही रीत रिक्षाइतकीच जुनी आहे. १९८० मध्ये पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर हाच प्रश्न होता. जो चालवतो, त्यालाच परवाना, असा तिथला कायदा. हेतू उत्तम, पण रिक्षा विकत घ्यायला चालकाकडे पैसा कुठला? न्यायालयाने कायदा रद्द करण्याऐवजी बँकेच्या कर्जाची वाट काढून दिली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा त्याच जुन्या खटल्याची आठवण काढली. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होऊनही माणसाने माणसाला ओढावे, ही प्रथा अमानुष असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने दिल्या जातात. त्या धर्तीवर राज्याने योजना करावी, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सनियंत्रण समितीने खरे ओढणारे कोण, ते ठरवायचे. त्यांना देऊन उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला आणि इतर गरजूंना. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत; आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत.

हा निकाल मला दोन कारणांनी शहाणपणाचा वाटतो. रस्त्याची मर्यादा त्याने दोन ठिकाणांची नावे घेऊन आखली, ‘आवश्यकतेनुसार’ असा आपल्या सरकारी कागदांचा लाडका शब्द त्यात नाही. आणि बंदी व पर्यायी पोट या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. कलकत्त्याची गोष्ट आठवा. ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनींनी ओढलेली ती रिक्षा आपण १९५३ मध्ये पडद्यावर पाहून हळहळलो. पश्चिम बंगालच्या विधानसभेने ती बंद करण्याचा कायदा २००६ मध्ये केला. तो न्यायालयात अडकला आणि रिक्षावाले घंटी वाजवत राहिले. पर्याय हातात न देता काढलेली बंदी अशीच लटकते.

माथेरानसाठी भाड्याच्या रिक्षांची कल्पना तपासून पाहावी लागेल ती इथेच. ज्याच्या नावावर हातरिक्षेचा परवाना होता, तो निदान आपल्या गाडीचा धनी होता. भाड्याच्या ई-रिक्षेत दिवसाचे भाडे आधी फेडायचे आणि उरेल ते आपले. ऐन मोसमात ते जमेल. जून-जुलैमध्ये डोंगर धुक्यात बुडतो, गिऱ्हाईक तुटते. त्या दोन-तीन महिन्यांचे भाडे माफ होणार की नाही? चार-पाच वर्षांनी बॅटरी संपली की नवी कोणी घ्यायची? चढावर आणि गारठ्यात तिचे आयुष्य सपाट रस्त्यापेक्षा कमीच भरणार. जुनी बॅटरी डोंगराखाली कोणी न्यायची? आणि रात्री दोन वाजता वाडीवरच्या बाईला कळा सुरू झाल्या, तर चार्जिंगला लावलेल्या गाड्यांपैकी एक तिच्यासाठी सुटी ठेवायची जबाबदारी नगरपरिषदेची, दवाखान्याची की त्या दिवशी पाळीवर असलेल्या चालकाची? योजनेच्या मसुद्यात या ओळी असल्या पाहिजेत.