हाडाच्या कर्करोगाचा फैलाव आणि ‘इझ्रिन’ प्रथिन

वाढत्या वयातील मुलामुलींना होणाऱ्या ‘ऑस्टिओसार्कोमा’ या हाडाच्या कर्करोगात मृत्यूचे मुख्य कारण हाडातील मूळ गाठ नसून तिचा फुफ्फुसांपर्यंत झालेला फैलाव हे असते. या फैलावात ‘इझ्रिन’ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असल्याचे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून दिसून आले आहे. त्यावर आधारित औषध मात्र अद्याप रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही.

मूळ गाठ काढली तरी धोका कायम

हा कर्करोग प्रामुख्याने १० ते २० वर्षे वयोगटात आढळतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे वरचे टोक या त्याच्या नेहमीच्या जागा होत. पूर्वी केवळ हात किंवा पाय कापून उपचार केले जात. तरीही बहुसंख्य रुग्णांच्या फुफ्फुसांत पुढे गाठी निर्माण होत. निदानापूर्वीच काही पेशी रक्तावाटे तेथे पोहोचलेल्या असत.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ मध्ये याच रोगामुळे कापावा लागला. कर्करोग संशोधनाला निधी मिळावा म्हणून १९८० मध्ये त्याने कृत्रिम पायाच्या आधारे देशभर धावण्यास प्रारंभ केला. मात्र फुफ्फुसांत कर्करोग आढळल्याने त्याला धाव अर्ध्यावर थांबवावी लागली. जून १९८१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

शस्त्रक्रियेला केमोथेरपीची जोड मिळाल्यानंतर परिस्थिती सुधारली. प्रगत उपचार मिळाल्यास, रोग हाडापुरता मर्यादित असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांहून अधिक काळ जगतात. फुफ्फुसांत आधीच गाठी असल्यास हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत घसरते.

इझ्रिनचे कार्य काय?

प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांच्या तंतूंचा एक सांगाडा असतो. त्यातील ‘ॲक्टिन’चे तंतू पेशीला आकार देतात आणि हालचालीस मदत करतात. इझ्रिनचे एक टोक पेशीच्या आवरणातील प्रथिनांना, तर दुसरे ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेले असते. त्यामुळे ते केवळ सांधा म्हणून काम करत नाही, तर बाहेरचे संदेशही पेशीच्या आत पोहोचवते. एरवी त्याची दोन्ही टोके एकमेकांवर मिटलेली असतात. विशिष्ट जागी फॉस्फेट जोडला गेला की ते उघड्या स्थितीत राहते आणि कार्यरत होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९८३ मध्ये कोंबडीच्या आतड्यातील पेशींमधून हे प्रथिन वेगळे करण्यात आले. विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांच्यावरून त्याला नाव मिळाले.

२००४ मधील संशोधन

कर्करोगातील त्याची भूमिका २००४ मध्ये ठळकपणे पुढे आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील चंद खन्ना आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये झपाट्याने पसरणाऱ्या आणि कमी पसरणाऱ्या गाठींची तुलना केली. झपाट्याने पसरणाऱ्या पेशींमध्ये इझ्रिन अधिक होते आणि ते घटवल्यावर फुफ्फुसांतील फैलावही घटला. इझ्रिनमुळे या पेशींना फुफ्फुसात पोहोचल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात तग धरता येतो, असे त्यात दिसले. कुत्र्यांनाही हा कर्करोग होतो. इझ्रिनचे प्रमाण अधिक असलेल्या कुत्र्यांमध्ये आणि बालरुग्णांमध्ये रोग लवकर पसरल्याचे याच अभ्यासात आढळले.

औषधाचा मार्ग दीर्घ

इझ्रिनला रोखणारे काही लहान रेणू २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत व प्राण्यांमध्ये त्यांचा परिणाम दिसला. परंतु निरोगी पेशींनाही इझ्रिनची गरज असते. इझ्रिन नसलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये आतड्याची रचना बिघडते आणि ती फार काळ जगत नाहीत. त्यामुळे केवळ कर्करोगाच्या पेशींवर परिणाम साधणे हे मोठे आव्हान आहे.

रेणूचा शोध आणि औषध यांतील अंतर भारतालाही परिचित आहे. लखनौ येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘सेंटक्रोमन’ हा रेणू १९६० च्या दशकात तयार केला. ‘सहेली’ या गर्भनिरोधक गोळीच्या रूपाने तो बाजारात यायला १९९१ साल उजाडले.

सध्याचे उपचार

तूर्त केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हेच प्रमुख उपचार आहेत. उच्च मात्रेतील मेथोट्रेक्सेट या औषधासाठी रक्तातील त्याची पातळी वारंवार तपासावी लागते. त्यामुळे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांवर आधारित उपचारपद्धती विकसित केली. आज अनेक रुग्णांचा पाय न कापता केवळ रोगग्रस्त हाड काढून कृत्रिम सांधा बसवता येतो.

मात्र त्यासाठी वेळेवर निदान आवश्यक आहे. गुडघ्याजवळचे दुखणे खेळताना झालेली दुखापत समजून दुर्लक्षिले जाते. रात्री वाढणारी, काही आठवडे न थांबणारी वेदना किंवा सूज असल्यास मालिश करत न बसता एक्स-रे काढून घ्यावा. गाठीचा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा झाल्यास, जेथे पुढील शस्त्रक्रिया होणार आहे त्याच केंद्रात तो घेतला जावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.